अक्कांची रिबीन

भिंगकाकांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर होतं. ती अक्षरं उन्हाने खाल्ली त्याला दहा-बारा वर्षं झाली आणि तेव्हापासून ते नाव कोणाच्या तोंडी आलेलं नाही. घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्यावर नसेल तेव्हा कपाळावर, आणि कपाळावर नसेल तेव्हा त्याचा गोल वळ कपाळावर. असा माणूस दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखला जाणार?

दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाची छत्री एकाच वेळी आत मावत नाहीत. खिडकी मात्र पूर्वेची, कारण केसाएवढी स्प्रिंग दिव्याच्या उजेडात बसवणं म्हणजे काकांच्या मते पाप. कामात माणूस हिरा. खोड एकच. उघडून बघायची. घड्याळ बंद पडलं की सगळेच उघडतात. काका चालू घड्याळही उघडायचे, ते का चालू आहे हे बघायला. लग्न होऊन आठवडा झाला नाही तर सासऱ्यांचा रेडिओ उघडला होता. पुढे महिनाभर सासरे बातम्या ऐकायला शेजाऱ्याकडे जात. काकू ही गोष्ट अजून सांगतात, आणि काका समोर असले तर जरा मीठमसाला लावून सांगतात.

अशा माणसाच्या हातात अक्कांनी आपलं झाड दिलं. देताना अक्का स्ट्रेचरवर होत्या, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. इस्पितळात मेट्रन होत्या. चाळीस खाटांच्या वॉर्डात त्यांची चप्पल वाजली की पेशंटचा ताप उतरायचा, असं त्यांच्याबरोबरच्या नर्सा सांगत. यजमान लवकर गेले, मुलीला एकटीने वाढवलं, निवृत्त झाल्या, आणि मग हुकमत गाजवायला हाताशी कोणी उरलं नाही म्हणून कुंड्या आणल्या. त्यातल्या एका कुंडीत नर्सरीवाले ज्याला कॉर्डिलिन म्हणतात ते होतं. बारा महिने तेरा काळ पानं अंगावर, उभा दांडा, आणि दांड्याच्या शेंड्यातून चहूकडे सुटलेली लांब, पट्ट्यासारखी पानं. रंग साधाच, काळपट हिरवा, कोवळेपणी थोडा तांबूस.

अकरा वर्षांपूर्वी त्या झाडाच्या एका फांदीने वेडेपणा केला. तिच्या पानांना कडेने गुलाबी किनार आली आणि मधोमध तांब्याच्या तारेसारखी रेघ. अक्कांनी ती फांदी कापून वेगळी लावली. तिच्यापासून पुढे आणखी तीन रोपं केली, तर ती तिन्ही दोन वर्षांत मुकाट्याने परत हिरवी झाली. रंग टिकला तो एकाच कुंडीत. पलीकडच्या गावचा एक नर्सरीवाला येऊन बघून गेला, म्हणाला, "असं दुसरं मी पाहिलेलं नाही." अक्का त्या झाडाला रिबीन म्हणत. मुलीच्या वेण्यांना कधी बांधली नसेल इतक्या निगुतीने त्यांनी ही रिबीन सांभाळली.

आणि तिचीच पानं पुसताना स्टुलावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि पुढचे काही महिने मुलीकडे, परगावी, राहायचं ठरलं. दुसऱ्या गावाला चार तासांच्या प्रवासात झाड न्यायची सोय नव्हती.

"पाणी कधी घालायचं?" काकांनी विचारलं.

"बोट मातीत घालायचं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं की घालायचं."

"म्हणजे किती दिवसांनी?"

"बोटाला विचार."

"आणि किती?"

"लागेल तितकं. आणि ऐक. हात लावू नकोस. पुसायचं, पाणी घालायचं, लांब व्हायचं."

काकांना हे काही पटलं नाही. बोट हे काय माप झालं? कोणाचं बोट? त्यांनी औषधाची मापाची बाटली आणली आणि एक दिवसाआड सकाळी अकराच्या ठोक्याला शंभर मिलिलिटर पाणी घालायला सुरुवात केली. एका मिनिटाचा फरक नाही. हवा त्या दिवसांत ढगाळ होती, माती सुकत नव्हती. पण मापात चूक नव्हती, वेळेत चूक नव्हती, त्यामुळे काका निर्धास्त होते. अति तिथे माती म्हणतात. इथे माती तर होतीच, तिचा चिखल झाला.

तिसऱ्या आठवड्यात एक पान पुसताना हातात आलं. मग दुसरं. मग काकांनी दांडा चाचपला तर बुंध्याशी तो शिजलेल्या बटाट्यासारखा दबला, आणि जो वास आला त्याने दुकानात बसलेलं गिऱ्हाईक "नंतर येतो" म्हणून उठलं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान बंद करून, कुंडी कवेत घेऊन ते नर्सरीवाल्याकडे गेले. तो लहानखुरा, तंबाखूने दात काळे झालेला गृहस्थ. त्याने कुंडी उपडी केली, मुळं पाहिली, आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं काकांकडे पाहिलं.

"कोणाचं?"

"बहिणीचं."

"ती कुठे आहे?"

"परगावी. दोन-तीन महिने."

"मग तुमचं नशीब." त्याने सुरी काढली. कुजका भाग कापून टाकला, वरचा शेंडा वेगळा केला, आणि मधल्या निरोगी दांड्याचे बोटभर लांबीचे चार तुकडे केले. "शेंडा उभा लावा. तुकडे आडवे, वाळूत अर्धे बुडवून. प्रत्येकावर डोळे आहेत, त्यातून कोंब येईल. सावलीत ठेवा, ओल राखा. आणि विसरून जा."

"किती दिवस?"

"महिना, दीड महिना. दोनही लागतील."

"मूळ धरलं की नाही हे मधे कसं कळणार?"

"नाही कळणार," नर्सरीवाला म्हणाला. "म्हणून तर म्हणतो, विसरून जा. आणि काका, रंगाची हमी नाही हं. अशी वेडी फांदी दांड्याच्या कुठल्या तुकड्यात उतरेल आणि कुठल्यात नाही, हे देवालाही ठाऊक नसतं."

तो रविवार होता आणि दर रविवारी दुपारी चारला अक्कांचा फोन यायचा. काका पाच कुंड्या घेऊन घरात शिरतात तोच घंटी वाजली.

"कसं आहे?" अक्कांनी विचारलं. स्वतःची तब्येत सांगायची त्यांना सवय नव्हती.

काकांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. पण त्याआधी अक्काच म्हणाल्या, "आज पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहिले. चार पावलं. त्या व्यायामवाल्या पोरीला म्हटलं, माझं झाड पान टाकतं, मी पाऊल टाकते. बघू कोण पुढे जातं. नवीन पान आलं का?"

"आलं," काका म्हणाले.

काकू समोर उभ्या होत्या. त्यांनी पाच कुंड्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेल्या.

"रंग?"

"कडा गुलाबी. मधे तांबूस."

"टोक जळलंय का?"

"छे. अजिबात नाही."

फोन ठेवल्यावर काकूंनी आतूनच विचारलं, "तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता की तुमचं घड्याळ फेकून द्या. सख्ख्या बहिणीला सांगायला काय झालं?"

"घड्याळवाला रडत नाही."

"अक्का कधी रडल्यात?"

"तेच तर," काका म्हणाले. "कधी रडलेली नाही. सुरुवात माझ्यामुळे नको."

दोन दिवसांनी भाचीचा फोन आला आणि उरलीसुरली वाटही बंद झाली. "मामा, तू जादू केलीस," ती म्हणाली. "आईने भिंतीवर कागद लावलाय. आठवं पान, जिना चढायचा. दहावं, काठी सोडायची. डॉक्टर म्हणतात हिच्या वयाला इतकी जिद्द बघितली नाही. इथे आल्यावर पहिले पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती रे. मी तर आशाच सोडली होती."

म्हणजे आता झाड मेलं असं सांगायचं, तर ते कोणाला सांगायचं? अक्कांना की अक्कांच्या पायाला?

तेव्हापासून काकांचं आयुष्य दोन ठिकाणी चालू झालं. एक झाड फोनमध्ये वाढत होतं. त्याची नोंद काका दुरुस्तीच्या घड्याळांना बांधायच्या चिठ्ठ्यांवर ठेवायचे, म्हणजे पुढच्या रविवारी बोलण्यात फरक पडायला नको. 'पान सात. लांबी वीतभर. कडा गुलाबी.' चिठ्ठी दोऱ्याने खिळ्याला. एकदा घाईत ती एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या मनगटी घड्याळाला बांधली गेली, आणि ते सद्गृहस्थ घरी जाऊन बायकोला घड्याळाचं सातवं पान दाखवायचा प्रयत्न करत बसले, असं गल्लीत म्हणतात. खरंखोटं पोस्टमास्तर जाणोत.

दुसरं झाड पाच कुंड्यांत होतं, किंवा नव्हतं. काकांना हेच तर सोसेना. वाळूच्या खाली काय चाललंय? मूळ आलं असेल? की कुजतंय? आठ दिवस त्यांनी कळ काढली. नवव्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, त्यांनी शेंडा हळूच वर ओढून पाहिला. जरासा अडला. अडला म्हणजे मूळ धरतंय. मग खात्री करायला अख्खा बाहेर काढला. खाली दोन पांढरे ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी भिंगातून ते ठिपके नीट दिसावेत म्हणून बारीक ब्रशने वाळू साफ केली. दोन दिवसांनी शेंडा मान टाकून पडला.

शहाणा माणूस इथे थांबला असता. काका थांबले, पण चार दिवसच. चिंता अशी की रात्रंदिवस मागे लागलेली, आणि हात असा की चाळीस वर्षं उघडण्यातच गेलेला. दर चार दिवसांनी एक एक तुकडा चिमट्याने उचलून, उलटा करून, भिंगाखाली धरून बघणं चालू झालं. एकाचा डोळा फुगला होता, तो चिमट्यात सापडून तुटला. एकाची साल निघाली. तिसऱ्यावर काकांना पांढरं काहीतरी दिसलं, पिठ्या ढेकणाची कीड असेल म्हणून त्यांनी तो स्पिरिटने पुसला. ते पांढरं म्हणजे मूळ होतं.

"अहो, तुम्ही हे झाड लावताय की त्याचं पोस्टमॉर्टेम करताय?" काकूंनी विचारलं.

"बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"तुम्हाला कळावं म्हणून ते उगवत नाहीये."

रविवारी चार वाजता मात्र आठवं पान आलं, गुलाबी, टोक शाबूत, मागच्या पानानंतर बरोबर चौदा दिवसांनी.

अक्कांनी पलीकडे कागदावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "टोकं एकाचीही जळलेली नाहीत?"

"एकाचंही नाही."

"तिथलं नळाचं पाणी चांगलं दिसतंय."

"हो. म्हणजे, मी शिळं करून घालतो."

"बरं. मी बारा पायऱ्या चढले."

सोमवारी सकाळी काका उठले तर चौथ्या तुकड्याची कुंडी जागेवर नव्हती. शेवटचा तुकडा होता तो. काकांनी गॅलरी बघितली, मोरी बघितली, पलंगाखाली बघितलं. धाबं दणाणलं. काकू आरशासमोर केस विंचरत होत्या.

"मी नेली," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"नाही सांगणार."

"अगं, तिला ओल..."

"आहे."

"उजेड..."

"आहे. तुम्ही नाही आहात, एवढाच काय तो तिथे फरक. आणि तेवढा पुरे आहे."

तीस वर्षांच्या संसारात काकूंनी नवऱ्यापासून काही लपवलेलं नव्हतं, कारण लपवावं असं काही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. पण आता त्या इतक्या सराईतपणे गप्प बसल्या की काकांना त्याचीच वेगळी धास्ती वाटायला लागली. ते नर्सरीवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, माझ्याकडे नाही, असती तरी दाखवली नसती. शेजारणीच्या गॅलरीत डोकावले, तर शेजारणीने काकूंकडे तक्रार केली. काकूंच्या मैत्रिणीच्या घरी काही कारण नसताना जाऊन, चहा पिऊन, तिच्या खिडक्या मोजून आले. ती बिचारी, काकांना आपलं घर विकत घ्यायचं आहे का, असं कोणाला तरी विचारत होती.

खरं तर काखेत कळसा आणि गावाला वळसा. काकू वाचनालयात काम करायच्या. काउंटरवर पुस्तकं द्यायची-घ्यायची, संध्याकाळी सातपर्यंत. कुंडी तिथेच होती, वरच्या मजल्यावर, संदर्भ विभागातल्या खिडकीत, जाडजूड कोशांच्या मागे. लपवायला त्याहून चांगली जागा नाही, कारण तिथे कोणी येत नाही. आणि काकांनी तीस वर्षांत वाचनालयाच्या दाराच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. बायकोला सोडायला यायचे ते कोपऱ्यापर्यंत. ही गोष्ट काकूंना कधी लागली असेल का? त्या बोलल्या नाहीत कधी. पण कुंडी तिथे ठेवताना त्यांना एकदाही शंका आली नाही की नवरा इथे येऊन बघेल, यावरून काय ते समजावं.

काकांचं जेवण कमी झालं. दुकानात एका बाईंच्या घड्याळात त्यांनी तासकाटा उलटा बसवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. फोन वाजला की दचकायचे. चोराच्या मनात चांदणं. नववं पान आलं, त्याच्या चौदा दिवसांनी दहावं. अक्का आता प्रश्न कमी विचारायच्या आणि स्वतःच्या पायऱ्या जास्त सांगायच्या. अठरा. बावीस. काठीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत. काकांना प्रत्येक पायरी आपल्या घराच्या दिशेने चढलेली ऐकू यायची.

"जगलंय का एवढं तरी सांग," ते काकूंना रोज विचारत.

"बोटाला विचारलं मी. बोट म्हणतं, बरं आहे."

आणि एका गुरुवारी, रविवार नसताना, फोन नसताना, भाचीच्या गाडीतून अक्का खाली उतरल्या. काका गॅलरीत होते. त्यांनी वरून पाहिलं, अक्कांनी काठी गाडीतच ठेवली. मग जिन्यावर पावलं वाजू लागली. एक. थांबा. दोन. थांबा. एकूण पायऱ्या चोवीस. काकांनी त्या इतक्या वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या. आज नाइलाजाने मोजल्या. विसाव्या पायरीला त्यांना वाटलं, आपण पळून जावं, पण जिना एकच होता.

अक्का आत येऊन सरळ पाठीच्या खुर्चीत बसल्या. बारीक झाल्या होत्या. कपाळावर घाम होता. पाणीही न घेता म्हणाल्या, "आण."

काकू आतून दारात आल्या, काका उभे राहिले ते राहिलेच. "अक्का," ते म्हणाले, "झाड गेलं. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या आठवड्यात. मी पाणी जास्त घातलं. मग पाच तुकडे होते, त्यातले चार मी बघून बघून मारले. एक हिच्याकडे आहे. कुठे आहे मला माहीत नाही."

भाचीने कपाळाला हात लावला. "मामा, अरे मग ती पानं?"

"मला माहीत होतं," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"आठव्या पानाला कळलं. अकरा वर्षं माझ्याकडे होतं ते. कधी दहा दिवसांनी पान यायचं, कधी महिना महिना नाही. ऊन बघायचं, वारा बघायचं, माझ्यावर रुसायचं. तुझ्याकडे आलं आणि लागलं दर चौदा दिवसांनी पान टाकायला? झाड आहे ते. तू त्याला चावी देत होतास?" त्यांनी श्वास घेतला. "आणि टोक जळत नाही म्हणे. जगात असा कॉर्डिलिन नाही ज्याचं टोक जळत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"फोनवर काय बोलायचं? तू आणखी चार पानं वाढवली असतीस. म्हटलं, स्वतःच्या पायाने जाऊन बघितल्याशिवाय हा खरं सांगायचा नाही. म्हणून तिकडे रोज बावीस पायऱ्या चढले. उगाच नाही चढले. दोनदा पडता पडता राहिले."

काकांना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. जिच्या पायासाठी ते इतके दिवस खोटं बोलले, ती त्या खोट्याच्या रागानेच चालायला लागली होती. यात आपलं पुण्य की पाप, हे त्यांना ठरवता येईना, आणि विचारायची हिंमत नव्हती.

काकू वाचनालयात गेल्या आणि अर्ध्या तासात कुंडी घेऊन आल्या. कुंडी कुठून आली ते कळल्यावर काकांनी बायकोकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

दांड्याच्या तुकड्यातून एक कोंब आला होता, बोटभर उंच. त्याला दोन पानं. धट्टीकट्टी, टवटवीत, आणि हिरवी. कडेला हिरवी, मधे हिरवी, मागून हिरवी. अक्कांनी कुंडी मांडीवर घेतली. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"सावलीत होतं," काकू म्हणाल्या. "म्हणून असेल."

"असेल," अक्का म्हणाल्या. "किंवा गेलंही असेल. माझी तीन अशीच गेली." त्यांचा आवाज वॉर्डातलाच होता, पण अंगठा त्या हिरव्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता, जणू काही पुसलं की खालचा रंग निघेल. रडल्या नाहीत. काकांना वाटलं, रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी कुंडी काकांसमोर धरली. "तुझ्या दुकानाला पूर्वेची खिडकी आहे. माझी दोन महिने तरी परत यायची सोय नाही. डॉक्टर ऐकत नाही, मुलगी ऐकत नाही. सकाळचं ऊन लागेल असं ठेव."

"माझ्याकडे नको," काका म्हणाले. त्यांचे हात खरोखर मागे गेले. "अक्का, हिला दे. नाहीतर नर्सरीवाल्याला. माझ्याकडे नको गं."

"तुझ्याइतका घाबरलेला माणूस दुसरा कुठे शोधू? तूच ठेव. आणि रविवारी जे असेल ते सांगायचं. नसेल तर नाही म्हणायचं."

तेव्हापासून कुंडी दुकानाच्या खिडकीत आहे, काकांच्या डाव्या हाताला, दीड हातावर. दिवसभर चिमटा उजव्या हातात, भिंग डोळ्यावर, आणि झाड बाजूला. म्हणजे दारुड्याला गुत्त्यात बसवून लिमलेट प्यायला सांगण्यासारखं. काकूंनी मापाची बाटली जप्त केली. काका आता मातीत बोट घालतात, आणि बोट काय म्हणालं यावर तासभर विचार करतात. गिऱ्हाइकं विचारतात, "काका, लक्ष कुठाय?" तिसरं पान आलं. सतरा दिवसांनी. हिरवं. काकांनी रविवारी सांगितलं, "हिरवं." अक्का म्हणाल्या, "बरं." फोन त्या दिवशी लवकर संपला.

चौथं पान नेहमीसारखं मधून निघालं, गुंडाळलेलं, पेन्सिलीसारखं टोकदार. तीन दिवस काही नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन तिरपं आलेलं असताना, काकांना त्या गुंडाळीच्या बाहेरच्या कडेवर काहीतरी दिसलं. त्यांनी भिंग लावलं. काढलं. काच पुसली. परत लावलं. घडीच्या कडेने, केसाएवढं, खालपासून वर गेलेलं, गुलाबी. की ऊन? त्यांनी खिडकीवर वर्तमानपत्र धरलं. तरी होतं. वर्तमानपत्र काढलं. होतं. चिमटा हातात होता. पानाची घडी नुसती कणभर सोडवली असती तर कळलं असतं. काकांनी चिमटा खणात टाकला, खणाला कुलूप लावलं, आणि किल्ली शेजारच्या शिंप्याकडे देऊन आले.

तीन दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नाही. काकूंनाही नाही. सांगितलं आणि ते विरलं तर? रविवारी चार वाजता दोघं दुकानातच होती. काकू मुद्दाम आल्या होत्या, नवऱ्याचा चेहरा आठवड्यापासून बरा दिसत नव्हता.

"किती पानं?" अक्कांनी विचारलं.

"तीन. चौथं येतंय."

"रंग?"

इतके महिने 'गुलाबी' हा शब्द काकांच्या तोंडून भराभर निघत होता, आणि आज तो जिभेवर येऊन बसला तर बाहेर पडेना. कारण हाच शब्द, याच आवाजात, याच वेळी, त्यांनी आठ वेळा खोटा सांगितलेला होता.

"अक्का, मला... म्हणजे मला असं दिसतंय की कडेला थोडं..."

"काय थोडं?"

"गुलाबी."

मग अक्का म्हणाल्या, "फोन तिला दे."

काकांनी फोन दिला. काकूंनी कपाळावरचं भिंग मागून घेतलं, कुंडीसमोर वाकल्या, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. काका त्यांच्या पाठीकडे बघत उभे होते. भिंतीवर दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळं होती, अकराही वेगवेगळी वेळ दाखवत.

"मला या भिंगातून काही दिसत नाही, अक्का," काकू म्हणाल्या, आणि काका मटकन स्टुलावर बसले. काकूंनी भिंग काढून ठेवलं आणि पुन्हा वाकल्या. "थांबा. नुसत्या डोळ्यांनी दिसतंय. आहे. दोऱ्याएवढं आहे, पण वरपर्यंत आहे. ह्यांनी रंगवलेलं नाही, मी बोट लावून बघितलं."

फोनमधून भाचीचा आवाज ऐकू आला, "आई, अगं कुठे निघालीस, आज नाही, उद्या जाऊ," आणि मागोमाग खुर्ची सरकल्याचा.

"उद्या येते म्हणतात," काकूंनी फोन ठेवून सांगितलं.

"उद्यापर्यंत उघडलं नाही तर?"

"नाही उघडलं तर नाही."

"आणि उघडून आत हिरवंच असलं तर? नुसती कडच असली तर?"

काकू आपली पिशवी उचलून पायऱ्या चढून गेल्या. काकांनी कुंडी उजेडाकडे बोटभर सरकवली. थोड्या वेळाने पुन्हा होती तिथे आणून ठेवली, आणि दोन्ही हात मांडीखाली घालून तिच्यासमोर बसून राहिले.